बंद इंजिनाला लावलेला कान

१

रविवारी सकाळचा चहा झाला की मी मागच्या खोलीत जाऊन इंजिन फिरवत असे. काम साधे होते. प्लगच्या भोकात खोचलेले फडके काढायचे, चमचाभर तेल आत सोडायचे, किकचा दांडा हाताने धरून सावकाश खाली दाबायचा. आतला पिस्टन वर सरकला की भोकातून हवेचा एक सुस्कारा बाहेर पडे. असे दोन-चार वेळा केले की फडके पुन्हा खोचून, हात पुसून बाहेर यायचे. नुसते पडून राहिलेले इंजिन मधूनमधून फिरवले नाही तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसतात, असे मला नवऱ्याच्या मित्राने बजावले होते.

इंजिन एका जुन्या मोटरसायकलचे होते. एकच सिलिंडर, ओतीव लोखंडाचे, वजनाला एखाद्या दगडी पाट्यासारखे. गाडीचा सांगाडा गंजून केव्हाच भंगारात गेला. इंजिन मात्र नवऱ्याने लाकडी घोडीवर बसवून घरात आणले. पूर्वी तो ते चालवतही असे. भिंतीवरच्या खिळ्याला पेट्रोलची बाटली टांगायची, धुराची नळी खिडकीबाहेर सोडायची आणि किक मारायची. स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी एकमेकांना हळूच लागत राहत. त्याने आयुष्यात पुष्कळ गाड्या घेतल्या आणि विकल्या. पण सर्वांत आवडते इंजिन कोणते, असे कोणी विचारले की तो उत्तर न देता मागच्या खोलीकडे बोट दाखवी. डाव्या हाताची तर्जनी, आणि तीही अर्धी. तिचे वरचे पेर तरुणपणी त्याच मोटरसायकलच्या चेनमध्ये गेले होते. "एवढा टोल तर रस्तासुद्धा घेतो," असे तो म्हणे.

इंजिन ऐकण्याची त्याची रीत ठरलेली होती. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर उजव्या हातात घ्यायचा, त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. डावा तळहात तेव्हा वर उचललेला असे. तो हात वर गेला की घराने गप्प व्हायचे. मी मिक्सर बंद करी, नळ सोडलेला असेल तर धावत जाऊन बंद करी, आणि बोलत असले तर थांबे. आमच्या संसारातली कितीतरी वाक्ये त्या हातापाशी अर्धी राहिली.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. माणसाला काय ऐकू येते आणि काय येत नाही, हे मोजणे हा माझा व्यवसाय. एकदा चेष्टेचेष्टेत मी त्याची तपासणी केली होती. आलेख निर्दोष निघाला, विशेषतः स्त्रीच्या आवाजाच्या पट्टीत. म्हणजे मी ऐकू न येण्याचे कारण कानात नव्हते.

मागल्या वर्षी एका रविवारी दुपारी तो त्याच खोलीत गेला. मी चहा घेऊन दाराशी आले तेव्हा तो स्टुलावर बसला होता. मूठ कानाशी, डोळे मिटलेले, डावे कोपर शेजारच्या फळीवर टेकलेले आणि तळहात वर. मी नेहमीप्रमाणे थांबले. चहावर साय धरली तरी थांबले. पुढे डॉक्टरांनी सांगितले की हृदय बंद पडून बराच वेळ झाला होता आणि मी आधी हाक मारली असती तरी काही फरक पडला नसता. त्यांचे म्हणणे मला पटते. मी फक्त घडले ते सांगते आहे: हात वर होता, म्हणून मी बोलले नाही.

२

तो गेल्यापासून स्क्रू-ड्रायव्हर भिंतीवरच्या खिळ्यालाच टांगलेला होता. तो कानाला लावण्याचे मला कधी सुचले नव्हते. मग एका रविवारी इंजिन फिरवून झाल्यावर माझा धक्का लागून तो खाली पडला. उचलून परत टांगताना लाकडी मुठीवरचा गुळगुळीत खळगा बोटांना लागला. वर्षानुवर्षे एकाच कानाला टेकून झालेला तो खळगा होता. मी स्टुलावर बसले, टोक इंजिनावर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडावर धरली. आम्ही तपासणीत कंप देणारे यंत्र तिथेच बसवतो. हाडातून जाणारा आवाज तिथे सर्वांत स्वच्छ पोचतो.

मला कशाची अपेक्षा होती? शंख कानाला लावल्यावर येते तशी गाज, स्वतःच्या रक्ताचा आवाज, कदाचित तेल ओघळत असल्याची एखादी टिचकी. तेल ओघळत होते, आणि माझी नाडी होती. त्यांच्या मागे शांतता होती.

या शांततेविषयी मला नेमके लिहिले पाहिजे. आमच्या तपासणीच्या बंदिस्त खोलीत रुग्ण बसतो. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज येईल तेव्हा बटण दाबायचे. आवाज येण्याच्या आधीच्या क्षणी तो सगळ्या अंगाने थांबतो. काचेच्या अलीकडे माझ्या कानांवरच्या हेडफोनला त्याच्या खोलीतला मायक्रोफोन जोडलेला असतो, आणि मी ते थांबणे वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. रिकाम्या खोलीतली शांतता वेगळी आणि ऐकणारा बसलेल्या खोलीतली वेगळी. शांततेला असे गुणधर्म नसतात, असे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तरीही कुठली खोली भरलेली आहे हे मी डोळे मिटून सांगू शकते.

इंजिनाच्या आतली शांतता भरलेली होती.

मी मूठ कानापासून दूर केली. त्याच क्षणी स्वयंपाकघरातला फ्रिज धाप लागल्यासारखा थरथरून सुरू झाला. तोवर तो बंद होता हे माझ्या ध्यानात आले नव्हते. फ्रिज आपोआप बंद होतो आणि चालू होतो, त्याची रचनाच तशी असते. मी हात धुतले आणि धुवायचे कपडे भिजवले.

३

पुढच्या रविवारी मी प्रयोग म्हणून बसले. फ्रिज चालू असल्याची खात्री करून घेतली, मूठ हाडावर टेकवली, आणि फ्रिज थांबला. काढली, सुरू झाला. पुन्हा टेकवली, पुन्हा थांबला. एका प्लगवर दोन उपकरणे असतील, जमिनीच्या कंपाने एखादा सैल जोड सुटत असेल, अशी कारणे मी मांडत गेले. विजेचे काम करणाऱ्याला बोलावले. त्याने जोड पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाई, फ्रिज ठणठणीत आहे. घरात एकट्याच असता का?" मी हो म्हटले. "तेच," असे म्हणून त्याने हत्यारे पिशवीत भरली.

नंतर घड्याळाचे लक्षात आले. बैठकीतले भिंतीवरचे घड्याळ दर रविवारी मागे पडू लागले, आणि मागे पडे ते बरोबर मी मागच्या खोलीत कान लावून बसलेली असे तेवढेच. मी सेल बदलले. नव्या सेलवरही ते तसेच वागले.

मनाचे खेळ मला अनोळखी नाहीत. आवाज बंद झाल्याचा भास होणारे लोक माझ्याकडे येतात. त्यांच्याशी मी सहानुभूतीने बोलते आणि त्यांच्या कानांचे आलेख काढते. मी माझाही काढून घेतला. आलेख वयाला साजेसा होता.

नाडीचे मात्र मला बरे वाटे. मुठीतून ती स्पष्ट ऐकू येई. मनगटावर बोट ठेवून मी पडताळा घेतला. दोन्ही जुळत होत्या, म्हणजे तो आवाज माझा आणि माझाच होता. बसल्यावर ती नेहमीपेक्षा मंद पडे आणि दर रविवारी आदल्या रविवारापेक्षा थोडी अधिक मंद पडे. निवांत बसल्यावर नाडी उतरते, हे पाठ्यपुस्तकातले विधान आहे. मी ते स्वतःला वाचून दाखवले.

मग मी बोलू लागले. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण ते वगळून पुढचे नीट कळणार नाही. आधी एखादाच शब्द, तोंडातून सहज निसटलेला. तो शब्द हाडातून मुठीत, मुठीतून लोखंडात गेला आणि तिकडे कोणीतरी तो घेतला. उत्तर आले नाही, कधीच आले नाही. पण ज्याच्यासमोर आपण बोलतो तो ऐकतो आहे की नुसता थांबला आहे, हे कळण्यासाठी मला उत्तराची गरज पडत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी असे ऐकले नव्हते.

मी अर्धी राहिलेली वाक्ये पुरी करू लागले. विभागप्रमुख झाले त्या दिवशी दारातूनच "अरे, आज मला" एवढे म्हटले होते, ते पुरे केले. "मला वाटतं आपण दोघं कुठेतरी" हे पुरे केले. "डॉक्टर म्हणाले की मूल आता" हेही एका रविवारी शेवटपर्यंत म्हटले. म्हणून झाल्यावर रडू येईल असे वाटले होते, आले नाही. आतली शांतता थोडी पुढे झुकल्यासारखी झाली, एवढेच.

तो तिथे आहे, असे मी स्वतःशी कधी म्हटले नाही. पण रविवारी मी केस विंचरून त्या खोलीत जाऊ लागले.

४

धाकट्या बहिणीला सुगावा लागायचा तो लागलाच. ती डिझेलला घेऊनच आली. डिझेल म्हणजे नवऱ्याचा तो मित्र. सकाळी तापून बोलायला लागेपर्यंत त्याला फार वेळ लागतो, म्हणून मित्रमंडळींनी त्याचे हे नाव ठेवले होते. त्याच्या जुन्या टेंपोचे इंजिन तो रस्त्यावर कधी बंद करत नसे.

"बंद करा की ते. सगळी गल्ली हलतेय," बहीण त्याला म्हणत होती.

"बंद केलं तर रुसतं. मग लाडीगोडी लावत बसावं लागतं," तो म्हणाला. "माझ्याकडे किती इंजिनं आली नि गेली, वहिनी. एक पेट्रोलचं होतं, सहा सिलिंडरचं, रेशमासारखं. वर नाणं उभं करा, पडायचं नाही. तरी जीव ह्या खटाऱ्यावरच. का ते विचारू नका."

"नाही विचारत," बहीण म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "ताई, तुझं हे इंजिन आहे की सासू? दर रविवारी उठून तिचं तेलपाणी करतेस."

"सासू परवडली," डिझेल म्हणाला. "बोलते तरी."

ती हसली नाही. ती फळीवरचा माझा चष्मा पाहत होती, स्टुलावर टाकलेली उशी पाहत होती. "आमच्याकडे तुझी खोली रंगवून झालीय. तुझ्या पुस्तकांसाठी फळ्या केल्यात. मुली विचारतात, मावशी कधी येणार. मी काय सांगू त्यांना, मावशीला लोखंडाची सोबत आहे म्हणून? वजन बघ तुझं किती उतरलंय. ओठ बघ, निळसर दिसतायत."

"उजेड तसा आहे," मी म्हटले.

"उजेड माझ्या तोंडावर पण पडतोय."

डिझेलने दरम्यान फडके काढून किक दाबून पाहिली. भोकातून सुस्कारा आला. "मोकळ्या आहेत रिंगा. नीट फिरवलंत, वहिनी. त्याला आवडलं असतं." मग त्याने खिळ्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर काढून कानाला लावला. मी फ्रिजकडे लक्ष दिले. फ्रिज घुमत होता. घड्याळ चालत होते. रस्त्यावर टेंपो धडधडत होता. डिझेल बराच वेळ तसाच वाकून राहिला आणि काहीही थांबले नाही.

"शांत आहे," तो म्हणाला. "मेलेलं आहे, पण चांगलं मेलंय." मग त्याला काहीतरी आठवले. "तो शेवटी शेवटी असाच बंद इंजिनाला कान लावून बसायचा. मी म्हटलं, अरे, सुरू तरी कर, काय ऐकतोस? तर म्हणाला, मी कुठे ऐकतोय?"

"म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे काय, गंमत. त्याच्या गमती तुम्हाला ठाऊकच."

मला त्याच्या गमती ठाऊक होत्या. त्या नेहमी रस्त्याविषयी, टोलविषयी, पेट्रोलविषयी असत.

त्यांच्या मंडळींत एक रीत होती. एखाद्याचे लाडके इंजिन दुसऱ्याकडे जायचे तर देणाऱ्याने ते घेणाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा फिरवायचे. मगच ते दिले असे धरत. पुढच्या रविवारी डिझेल टेंपो घेऊन येईल, मी इंजिन हाताने फिरवून त्याला देईन आणि त्याच दिवशी बॅग घेऊन बहिणीबरोबर जाईन, असे ठरले. मी हो म्हटले. मनापासून म्हटले. बहिणीने दाराशी माझा हात धरला तेव्हा तो तिच्या हातात किती ऊबदार झाला, हे मला जाणवले.

५

त्या रविवारी बॅग बाहेरच्या दाराशी ठेवून मी मागच्या खोलीत गेले. ऊन खिडकीतून सरळ इंजिनावर पडले होते. इंजिनाच्या बाजूचे गोल, फुगीर झाकण नवरा पॉलिश लावून घासत असे. त्यात सगळी खोली लहान होऊन दिसे. मी तेल सोडले. फडके काढूनच ठेवले. रस्त्यावर टेंपोची धडधड आली, फाटकाशी थांबली आणि तशीच चालू राहिली. "ताई, आवरलं का?" बहिणीने हाक मारली. बेल वाजली.

मी जायचे ठरवले होते. एवढेच राहिले होते की, ज्याने मला ऐकले त्याला तसे सांगावे. न सांगता जाणे मला असभ्य वाटले. मी स्टुलावर बसले, स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरला, मूठ हाडावर टेकवली आणि डोळे मिटले.

"मी जाते आहे," मी म्हटले. "आता मला"

फ्रिज थांबला. घड्याळ थांबले. त्यांची मला सवय होती. मग टेंपो थांबला. टेंपो बंद केल्यासारखा गचकून थांबला नाही. धडधडीच्या दोन ठोक्यांमध्ये तो नुसता राहून गेला. बेल पुन्हा वाजू लागली होती, ती मध्येच तुटली. "ताई, अगं" एवढे बहिणीचे ऐकू आले आणि त्याच्या पुढचे आले नाही. गल्लीतले पक्षी, वरच्या मजल्यावरची पावले, लांबच्या रस्त्याची अखंड घरघर, सगळे एकेक करून उतरत गेले. माझ्या व्यवसायात इतकी शांतता निर्माण करायला जाड भिंती लागतात.

माझे वाक्यही अर्धे राहिले होते. मी ते थांबवले नव्हते. कोणीतरी मला थांबवले होते, आणि थांबवण्याची ती रीत माझ्या ओळखीची होती.

मी डोळे उघडले. समोरच्या झाकणात खोली दिसत होती. वाकलेली खिडकी, वाकलेली फळी, मधोमध मी, स्क्रू-ड्रायव्हरवर माझे दोन्ही हात. माझ्या मागे दाराची चौकट. चौकटीत, खांद्याच्या उंचीवर, एक उचललेला तळहात.

मला भीती वाटली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. इतक्या वर्षांत त्या हाताकडे मी प्रथमच आनंदाने पाहिले. तू आलास, असे मनात आले, आणि सवयीने मी बोटे पाहिली. फुगीर पृष्ठभाग प्रतिमा लहान करतो, कडांना वाकवतो. नसलेले पेर तो जोडत नाही.

पाचही बोटे पुरी होती.

त्या दुपारचा माझा नवरा मला आठवला. याच स्टुलावर, याच झाकणाकडे तोंड करून बसलेला, कोपर फळीवर आणि अर्ध्या बोटाचा तो हात वर. त्याने तो मला गप्प करण्यासाठी उचलला होता, असे मी आजवर धरून चालले होते. मी तेव्हा दारात उभी होते. आत्ता नेमक्या त्याच जागी तो दुसरा हात होता. नवऱ्याने त्या दुपारी हात वर करून मला आत येऊ नकोस म्हटले असेल, हे मला कधी सुचले नव्हते.

मला उठता आले असते. दाराशी बॅग होती, दारापलीकडे बहीण होती, तिचे अर्धे वाक्य होते. मी उठले नाही. त्या घरात हात वर गेला की काय करायचे, हे माझ्या अंगाला माझ्याआधी ठाऊक होते. मी श्वास रोखला.

हात खाली आला नाही.

मुठीतून नाडी ऐकू येत होती, सावकाश, एकेक ठोका सुटा. बाकी सगळे गप्प झाले होते. त्या घरात आवाज करणारे आता एवढेच उरले होते, आणि ते कसे थांबवायचे हे मला ठाऊक नव्हते.

त्याला असावे.